सीट वाया गेली म्हणे

महापालिकेच्या निवडणुकीचा प्रचार रंगात आला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक उमेदवार आल्या, पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ, गळ्यात पक्षाचं उपरणं, मागे दहावीस कार्यकर्ते आणि एक सतत घड्याळ बघणारा मुलगा. नमस्कार, पत्रकं, "ताईंना संधी द्या", सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी खुर्ची ओढत पुढे आल्या आणि म्हणाल्या, तू डॉक्टर आहेस ना गं, मग आधी हे बघ. आणि साडी चार बोटं वर घेऊन सुजलेला पाय पुढे केला. त्या बाई उकिडव्या बसल्या, अंगठ्याने नडगीवर दाबून धरलं, सोडलं, आणि कातडीत पडलेला खळगा किती वेळ भरत नाही ते बघत राहिल्या. बीपीची गोळी कुठली घेता विचारलं, आजींनी घरातून पाकीट मागवलं, ते वाचून म्हणाल्या, या गोळीने कधीकधी पाय सुजतात, तुमच्या डॉक्टरांना दाखवा, मनाने बंद मात्र करू नका. सगळं मिळून तीनचार मिनिटं. मग उपरणं नीट करून पुढच्या बिल्डिंगकडे गेल्या.

त्या गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "सरकारने हिच्या शिक्षणावर केवढा पैसा घातला असेल, आणि ही बघा मतं मागत फिरतेय. एक सीट वाया गेली." दोघातिघांनी माना हलवल्या. लिफ्ट आली, सगळे आपापल्या मजल्यावर गेले. काकांचा स्वतःचा मुलगा सरकारी कॉलेजातून मेकॅनिकल करून आता न्यू जर्सीत एका बँकेत आहे, ती सीट कुठे गेली हे कोणी विचारत नाही, पण असो. ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. डॉक्टर बाई राजकारणात गेली की ती डॉक्टरकी "सोडून" गेली असं आपण इतक्या पटकन का धरून चालतो? आणि खरंच सोडते का ती?

माझं आजोळ वर्ध्याचं. म्हणजे मे महिन्यात डांबर पायाला चिकटायचं, कूलरमधल्या वाळ्याचा वास, अंगणात बाजा टाकून झोपायचं आणि कोणी आजारी पडलं की घरात एकच वाक्य, "सेवाग्रामले न्या." वर्ध्यातही डॉक्टर होते, पण जरा गंभीर काही असलं की सेवाग्राम, तिथलं कस्तुरबा हॉस्पिटल. मामीच्या बाळंतपणाच्या वेळी आम्ही डबे पोचवायला जायचो, तर बाहेर झाडाखाली गावागावांतून आलेली माणसं बसलेली, कोणी भाकरी सोडलेली, कोणी धोतरावर टॉवेल अंथरून झोपलेला, आणि आत जाणारे-येणारे डॉक्टर चक्क खादीत. पांढरा कोट आणि खाली खादीचा चुरगळलेला कुर्ता. मला तेव्हा वाटायचं सगळीकडचे डॉक्टर असेच असतात. तिथे बोलताना "बडी बहनजी" असा उल्लेख यायचा, बडी बहनजींनी असं सांगितलं, बडी बहनजी आल्यात, जरा दबकूनच बोलायचे लोक. या बडी बहनजी म्हणजे डॉ. सुशीला नायर (केरळच्या नव्हेत, पंजाबातल्या, आत्ताच्या पाकिस्तानातल्या गुजरात जिल्ह्यातल्या), गांधींच्या डॉक्टर, एवढं कळायला मला कॉलेजात यावं लागलं. आणि त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या, १९६२ ते १९६७, पूर्ण पाच वर्षं, हे तर त्याहून उशिरा. आजोळी ते कोणी सांगितलंच नव्हतं. आजी फक्त म्हणायची, त्या मंग दिल्लीत होत्या काही वर्षं. जणू काही माहेरी राहून आल्या.

दिल्लीच्या लेडी हार्डिंगमधून शिकून त्या सेवाग्रामला आल्या, मोठे भाऊ प्यारेलाल आधीपासून गांधींचे सेक्रेटरी, त्यांच्यामागून. आल्याआल्या वर्ध्यात कॉलऱ्याची साथ आणि ही विशीतली मुलगी जवळपास एकटी ती निस्तरते. त्यातून गांधींच्या व्यक्तिगत डॉक्टर झाल्या. आता विचार करा, पेशंट कोण तर गांधी, ज्यांचा मातीच्या पट्ट्यांवर, उपासावर आणि एनिमावर विश्वास. आणि डॉक्टर आधुनिक वैद्यकाची एमडी. कुठल्याही डॉक्टरने हात जोडून पळून जावं अशी केस.

पुण्यात राहून आगाखान पॅलेस बघितला नाही असा माणूस विरळा, शाळेची सहल तरी गेलेलीच असते. मीही गेलेय, पाहुण्यांना घेऊन पुन्हा गेलेय, तिथल्या गार फरश्या, लांबच लांब व्हरांडे, मागच्या बाजूला त्या दोन समाध्या. पण सेवाग्रामच्या बहनजी इथे कैदी होत्या हे लक्षात घेऊन गेले तेव्हा तीच वास्तू जरा वेगळी वाटली. १९४२चा ऑगस्ट. नऊ तारखेला पहाटे गांधी पकडले गेले, संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांच्याऐवजी बा, म्हणजे कस्तुरबा, बोलणार होत्या, त्यांनाही अटक आणि सोबत सुशीलाबेनना. दोघी पुण्याला पोचतात न पोचतात तोच पंधरा तारखेला महादेवभाई देसाई, गांधींचे सेक्रेटरी आणि तिथलेच सहकैदी, बोलताबोलता कोसळले आणि गेले. कैद्यांमध्ये तेव्हा डॉक्टर त्याच. वय सत्तावीस. एवढ्या वयात आपल्याकडे मुलं पीजीच्या रांगेत असतात, आईला फोन करून मेसच्या भाजीची तक्रार करत असतात. यांच्यासमोर घरच्यासारखा माणूस सकाळी हसतखेळत होता आणि त्याच दिवशी त्याची चिता मागच्या आवारात पेटली.

पुढे १९४३ च्या फेब्रुवारीत गांधींचा एकवीस दिवसांचा उपास. तेव्हा मुंबईचे डॉ. गिल्डर पण तिथे कैदेत होते, कलकत्त्याहून डॉ. बिधानचंद्र रॉय येऊन गेले, एकूण डॉक्टरांची कमी नव्हती. गिल्डरांची गंमत अशी की ते स्वतः हृदयरोगतज्ज्ञ आणि मुंबई प्रांताच्या १९३७ च्या खेर मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री राहिलेले, मुंबईत दारूबंदी आणणारे. म्हणजे आगाखान पॅलेसमध्ये एक माजी आरोग्यमंत्री आणि एक भावी आरोग्यमंत्री एकाच म्हाताऱ्याची लघवी तपासत होते. गिल्डरांची सीट वाया गेली असं त्या काळात कोणी म्हटलं असेल का? पुरुष डॉक्टर मंत्री झाला की त्याचा मान वाढतो, बाई झाली की सीट जाते.

आणि मग बा. १९४४ ची सुरुवात, हृदयाचा त्रास, न्यूमोनिया, श्वास लागतोय, रात्ररात्र बसून काढतायत. देवदासने, धाकट्या मुलाने, खटपट करून विमानाने पेनिसिलिन मागवलं. त्या काळात ते औषध म्हणजे नुसतं नाव ऐकलेलं, युद्धातल्या सैनिकांसाठी राखलेलं, साध्या माणसाला मिळतच नसे. औषध पुण्यात पोचलं. डॉक्टरांची मतं वेगवेगळी, आता उपयोग होईल की नाही. आणि गांधींना कळलं की दर काही तासांनी सुई टोचावी लागेल, तेव्हा त्यांनी देवदासला समजावलं की आता आईला त्रास देऊ नकोस, देवावर सोड. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दिवशी, बा गेल्या. पेनिसिलिन बाटलीतच राहिलं.

हे प्रकरण दर काही वर्षांनी कोणीतरी उकरून काढतं, गांधींना शिव्या घालायला. ससूनमध्ये १९२४ साली स्वतःचं अपेंडिक्स काढून घेतलं, बा गेल्यावर दोनतीन महिन्यांत मलेरिया झाला तर स्वतः क्विनाइन घेतलं, मग बायकोलाच का नाही, वगैरे. मला त्या वादात एका बाजूला उभं राहता येत नाही. सत्तर पार केलेली, किडन्या-हृदय थकलेली बाई, तिला शेवटच्या दिवशी सुया टोचायच्या की नाही हा प्रश्न आज आयसीयूच्या बाहेर उभ्या असलेल्या कितीतरी घरांना पडतो, आणि जो काय निर्णय घेतील तो नंतर त्यांना खातो. मला सारखी आठवते ती त्या खोलीतली एकोणतीस वर्षांची डॉक्टर. औषध टेबलावर आहे. ते काय करू शकतं हे तिला शिकून माहितेय. पेशंट तिची आईसारखी. आणि शेवटचा शब्द तिचा नाही. त्या रोज डायरी लिहायच्या, ती पुढे हिंदीत छापूनही आली, तुरुंगातले जेवण, चालणं, गीतेचे धडे सगळं त्यात आहे. तरी त्या बाटलीकडे बघताना हाताला काय वाटलं असेल ते कुठल्या डायरीत मावेल असं मला वाटत नाही.

लोकांना सुशीला नायर हे नाव टाकलं की सगळ्यात आधी गांधींच्या ब्रह्मचर्याच्या प्रयोगांचं वाचायचं असतं. त्यावर त्या स्वतः नंतर मोकळेपणाने बोलल्यात, ज्याला हवं त्याने शोधावं. मला वैताग याचा येतो की ऐंशीच्या वर वर्षं जगलेल्या, दोन सरकारांत मंत्री राहिलेल्या, मेडिकल कॉलेज उभं केलेल्या बाईच्या आयुष्यातून आपल्याला नेमकं तेवढंच पान हवं असतं.

गांधींचा खून झाला तेव्हा त्या दिल्लीत नव्हत्या. गांधींनीच त्यांना फाळणीनंतर पाकिस्तानातल्या बहावलपूरला पाठवलं होतं, तिथल्या हिंदूंचे काय हाल आहेत ते बघायला. ज्या पेशंटची नाडी इतकी वर्षं हातात धरली तो गेला तेव्हा डॉक्टर सीमेपलीकडे. यानंतर माणूस हिमालयात गेला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. बाई गेल्या अमेरिकेला, जॉन्स हॉपकिन्सला, पब्लिक हेल्थ शिकायला. मला हा सगळ्यात मोठा वळणबिंदू वाटतो, मंत्रिपदापेक्षाही. एका माणसाच्या खाटेजवळ बसलेली डॉक्टर आता विचारायला लागते की हे आजार येतात कुठून, पाणी कुठलं पितात, किती माणसं एका खोलीत झोपतात. परत आल्यावर फरिदाबादला, निर्वासितांच्या नव्या वसाहतीत, टीबीचं सॅनेटोरियम. आणि मग १९५२ ला दिल्ली विधानसभा, तिथे आरोग्यमंत्री, नंतर सभापती. १९५७ ला झाशीतून लोकसभा. पब्लिक हेल्थ शिकलेला माणूस राजकारणात जाणं हे मला तरी अजिबात विचित्र वाटत नाही. गटार बांधायचं तर प्रिस्क्रिप्शन कोणाच्या नावाने लिहिणार?

माझ्या आईच्या दंडावर देवीच्या लशीचे दोन व्रण आहेत, रुपयाएवढे, मध्ये कातडी चुरगळलेली. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत झोपायचे. ती सांगते की लस टोचणारे आले की गावातली पोरं तुरीच्या शेतात लपायची, कारण ते फिरवायचं यंत्र होतं, दातेरी, ते कातडीवर टेकवून गरकन फिरवायचे आणि मग आठवडाभर ताप, पू, खपली. देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली १९६२ ला, म्हणजे सुशीलाबाई केंद्रात आल्या तेच साल. सुरुवातीला लस उन्हात टिकायची नाही, विदर्भासारख्या ठिकाणी तर नाहीच, मग सुकवलेली लस आली, त्यातली बरीच रशियाने दिलेली. लसीकरणाचे आकडे वर जात राहिले आणि देवी तरी येतच राहिली, कारण सोपी पोरं दोनदोनदा टोचली जायची आणि अवघड वस्त्या राहून जायच्या. शेवटचा रोगी सापडायला १९७५ उजाडलं. तेव्हा त्या मंत्री नव्हत्याच. श्रेय कोणाला, तर कोणालाही नाही आणि सगळ्यांना, सरकारी कामाचं हे असंच असतं. माझ्या दंडावर व्रण नाही. माझ्या पिढीत कोणाच्याच नाही. हे कोणीतरी दिल्लीत बसून सह्या केल्याशिवाय झालं नाही एवढं मला कळतं.

पण सह्या फक्त देवीच्या लशीवर झाल्या नाहीत.

डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतून मार्गारेट सँगर वर्ध्याला आल्या होत्या, संततिनियमनाच्या मोठ्या पुरस्कर्त्या, गांधींनी पाठिंबा द्यावा म्हणून. गांधी बधले नाहीत, संयम ठेवा म्हणाले, साधनं नकोत. त्या भेटीनंतर तीस वर्षांनी त्याच गांधींची डॉक्टर देशाची आरोग्यमंत्री होती आणि सरकारने लूप आणला. १९६५. प्लास्टिकचा, वाकडा, नागमोडी, गर्भाशयात बसवायचा. लोकसंख्या वाढतेय, दुष्काळ पडतोय, अमेरिकेकडून गहू घ्यायचाय, तेव्हा घाई होती. टार्गेटं दिली, शिबिरं लागली. आणि शिबिर उठलं की त्या बायकांकडे बघायला कोणी उरायचं नाही. रक्तस्राव, पोटात कळा, आणि जवळपास एकही लेडी डॉक्टर नाही जिच्यासमोर खेड्यातली बाई हे सांगेल. एकदोन वर्षांत लूपचं नाव असं खराब झालं की पुढे तांबी आली तरी बायका आधी विचारायच्या, हे तेच नाही ना. आमच्या आजोळच्या गल्लीतल्या एका म्हातारीने "लुप" हा शब्द शिवीसारखा वापरलेला मी ऐकलाय.

हे वाचताना मी अडकते. एकीकडे त्याच मंत्रालयाने १९६४ ला गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमली, महाराष्ट्राच्या शांतिलाल शहांच्या अध्यक्षतेखाली, आणि त्यातून पुढे १९७१ चा कायदा आला ज्यामुळे कित्येक बायका दाईच्या काड्यांपासून वाचल्या. दुसरीकडे लूपची टार्गेटं. बाई डॉक्टर मंत्री असली की बायकांचं शरीर सांभाळून धोरण होईल असं आपल्याला वाटतं. तसं आपोआप होत नाही. खुर्चीवरून माणसं दिसत नाहीत, तक्ते दिसतात, आणि तक्त्यात रक्तस्रावाचा रकाना नसतो. हे त्यांना कळत होतं की नाही, कळून हात बांधलेले होते की मुळात पटलेलं होतं, मी ठरवू शकत नाही, आणि गांधीवादी होत्या म्हणून सूट द्यायचीही मला इच्छा नाही.

१९६७ ला मंत्रिपद गेलं, खासदारकी राहिली. आणि दोनच वर्षांत, १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला मेडिकल कॉलेज. खेड्यातलं मेडिकल कॉलेज ही कल्पनाच तेव्हा लोकांना वेडगळ वाटली असणार, प्रोफेसर येणार कुठून, त्यांची बायकामुलं राहणार कुठे. तिथे आधीपासून कस्तुरबा हॉस्पिटल होतं, तेही यांनीच १९४४-४५ मध्ये आश्रमातल्या छोट्या दवाखान्यातून वाढवलेलं, गर्दी इतकी व्हायला लागली की आश्रमाची शांतता मोडते म्हणून बिर्लांच्या गेस्टहाऊसमध्ये हलवलेलं. कॉलेजला नियम कडक. खादीच घालायची, मांसाहार नाही, दारू तर नाहीच, आल्याआल्या पंधरा दिवस आश्रमात राहायचं, झाडू मारायचा, सूत कातायचं. प्रत्येक बॅचने एक गाव दत्तक घ्यायचं, तिथे जाऊन राहायचं, वाटून दिलेल्या घरांशी ओळख ठेवायची. प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराचा वेगळा पेपर असायचा, 'नीट' ही देशभराची एकच प्रवेशपरीक्षा आल्यावर तो गेला. आणि १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांत आरोग्यविमा सुरू केला त्याचा हप्ता लोक ज्वारीत भरायचे. सुगीला, ज्याची जितकी जमीन तितकी ज्वारी. पॉलिसी नंबर, कॅशलेस, टीपीए असलं काही नाही, धान्य मोजून घ्यायचं आणि वर्षभर गाव सांभाळायचं. आजच्या कुठल्याही इन्शुरन्सवाल्याला ही कल्पना सांगून बघा.

माझी मामेबहीण तिथेच शिकली. तिला विचारलं तर आधी तक्रारींचा पाढा, खादीला इस्त्री टिकत नाही, पावसाळ्यात वाळत नाही, आणि बडी बहनजी दारूबंदीवर बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. त्या अखिल भारतीय नशाबंदी परिषदेच्या अध्यक्ष होत्या, त्यांच्यापुरता हा विषय म्हणजे मलेरियासारखाच सार्वजनिक आरोग्याचा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि दारूही आहे, हे कोणत्याही वर्धेकराला विचारा. पण हीच बहीण आता नागपुरात एसी क्लिनिक चालवते आणि दत्तक गावातल्या त्या घरातून अजून तिला फोन येतो, सुनेचं सोनोग्राफीत काय आलंय ते समजावून सांगा म्हणून, आणि ती जेवता जेवता उठून सांगते.

तिला मी काकांचं वाक्य ऐकवलं. वाटलं चिडेल. तर म्हणाली, काका अगदीच चुकीचे नाहीत, फक्त हिशेब उलटा आहे. बहनजींची डॉक्टरकी वाया गेली नाही, दिल्लीतली ती वर्षं वाया गेली, तीच सेवाग्रामला दिली असती तर कॉलेज दहा वर्षं आधी झालं असतं. शेवटी काय राहिलं, तर दवाखानाच ना? १९७१ ला इंदिराबाईंच्या लाटेत झाशी गेली, ७७ ला जनता पक्षाकडून पुन्हा निवडून आल्या, नंतर राजकारण संपलंच, आणि जानेवारी २००१ मध्ये त्या गेल्या तेव्हा किती जणांना आठवत होतं की या बाई केंद्रात मंत्री होत्या?

मी म्हटलं, अगं मंत्रालयाच्या सगळ्या खिडक्या माहीत असल्याशिवाय खेड्यात मेडिकल कॉलेजची परवानगी आणि ग्रँट मिळवून दाखव तू. दिल्ली केली म्हणून सेवाग्राम झालं. आणि देवी गेली ती काही एकट्या सेवाग्रामच्या ओपीडीतून गेली नसती.

"मग लूपचंही श्रेय दे त्यांना," ती म्हणाली.

देते म्हटलं. तेच मंत्रालय, तीच पाच वर्षं, वेगळं कसं काढणार?